लेन्स खुपते तेव्हा आधी घड्याळ पाहावे

कॉन्टॅक्ट लेन्स खुपते अशी तक्रार घेऊन कोणी समोर बसले, की मी पहिला प्रश्न वेळेचा विचारते: लावताक्षणी खुपते, दुपारनंतर खुपते, की काढल्यावर डोळा खाजतो? नाशिकमध्ये ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासून चष्मा-लेन्स देणारी) म्हणून काम करताना मला असे दिसत आले आहे की त्रास किती होतो हे प्रत्येकाला सांगता येते, पण तो केव्हा सुरू होतो हे विचारले की माणूस थबकतो. आणि कारण शोधताना मला सर्वांत जास्त उपयोग त्या वेळेचाच होतो. म्हणून पुढचे मार्गदर्शन मी दिवसाच्या क्रमाने, सकाळी लेन्स लावण्यापासून रात्री ती काढून ठेवण्यापर्यंत, लिहीत आहे.

त्याआधी एक महत्त्वाची सूचना. डोळा लाल होऊन दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, दिसणे धूसर झाले असेल, पिवळसर चिपड येत असेल किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर पुढे वाचत बसू नये. लेन्स लगेच काढावी आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. जाताना ती लेन्स आणि तिची डबी सोबत न्यावी, कारण जंतुसंसर्ग असल्यास त्यांतील जंतू प्रयोगशाळेत तपासता येतात. बुबुळावरची जखम चिघळली, तर भरल्यानंतरही तेथे फूल पडते, आणि ते नेमके मध्यभागी पडले तर नजर कायमची अधू होते. अशा वेळी औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणणे फार धोक्याचे असते. त्यांत स्टेरॉइड असेल तर लाली एका दिवसात ओसरते, माणूस निर्धास्त होतो आणि आत बुरशीचा संसर्ग असेल तर तो तेवढ्या वेळात पसरतो.

लेन्स कशावर बसते

लेन्स बुबुळाला चिकटून बसते असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ती अश्रूंच्या थरावर तरंगते, आणि हा थर मिलिमीटरच्या जेमतेम तीन हजारांशाइतका, म्हणजे सुमारे ३ मायक्रॉन जाडीचा असतो. त्यात सर्वांत खाली बुळबुळीत द्रव, मध्ये पाणी आणि वर पापण्यांच्या कडांमधील ग्रंथींतून येणारे तेल असते. हे तेल वरून साय धरावी तसे पसरते आणि खालचे पाणी उडू देत नाही. लेन्स लावली की हा मुळातच पातळ असलेला थर दुभंगतो, काही भाग लेन्सच्या पुढे आणि काही मागे जातो, आणि पुढचा भाग लवकर सुकू लागतो. शिवाय बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे कॉर्नियात, रक्तवाहिन्या नसतात. उघड्या डोळ्यात तो आपला प्राणवायू मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या वाटे घेतो, आणि लेन्स घातल्यावर तो लेन्समधून झिरपून यावा लागतो.

मऊ लेन्सचा शोध लावणारे चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टरले यांनी १९६१ मध्ये मुलांच्या खेळण्यातील सुट्या भागांपासून घरीच यंत्र जुळवून पहिल्या लेन्स ओतल्या होत्या. त्यांनी शोधलेला पदार्थ पाणी धरून ठेवतो म्हणूनच मऊ राहतो. हा त्याचा गुण खरा, पण जे पाणी धरते ते पाण्यासोबत आलेले इतरही बरेच काही धरते: साबण, तिखट, रंग, अत्तर, नळाच्या पाण्यातील जंतू. लेन्सच्या निम्म्या तक्रारी मला तरी या एका गोष्टीपाशी येऊन थांबताना दिसतात.

लावताक्षणी खुपत असेल तर

पहिल्या मिनिटातच टोचू लागले, तर कारण बहुधा लेन्सवर किंवा लेन्सखाली असते आणि ते घरच्या घरी सापडते. लेन्स काढून पाहावी. काढल्याबरोबर आराम पडला तर दोष लेन्सचा, आणि काढल्यानंतरही टोचतच राहिले तर दोष डोळ्याचा समजावा. दुसऱ्या परिस्थितीत त्या दिवशी चष्माच घालावा.

काढलेली लेन्स सोल्यूशनने धुऊन तर्जनीच्या टोकावर ठेवावी आणि डोळ्यांच्या उंचीवर आणून, खिडकीच्या उजेडात, बाजूने पाहावी. सुलटी लेन्स लहानशा वाटीसारखी दिसते, तिची कड सरळ वर गेलेली असते. उलटी झालेली लेन्स बशीसारखी दिसते, तिची कड बाहेरच्या अंगाला किंचित पसरलेली असते. उलट्या लेन्समधूनही बऱ्यापैकी दिसते, त्यामुळे फसगत होते. मात्र ती पापणीच्या प्रत्येक उघडझापीला सरकते आणि तिची कड पापणीला लागत राहते. याच वेळी कडेला चीर किंवा टवका आहे का तेही पाहावे. चीर पडलेली लेन्स कितीही नवी आणि कितीही महाग असली तरी टाकून द्यावी, कारण ती कड बुबुळावर दिवसभर पात्यासारखी घासत राहते.

टोचण्याऐवजी जळजळ होत असेल, तर हाताला किंवा लेन्सला काहीतरी लागलेले असते. सुगंधी साबण, हातांवर चोळलेले क्रीम आणि सॅनिटायझर ही नेहमीची कारणे. आपल्याकडे त्यांत मिरचीची भर पडते. मिसळीच्या तर्रीसाठी लाल मिरच्या वाटल्या किंवा ठेच्यासाठी हिरव्या मिरच्या निवडल्या, की त्यांतील तिखट द्रव्य नुसत्या पाण्याने जात नाही. ते तेलात विरघळणारे असते. दुपारी केलेल्या ठेच्याचा चटका रात्री लेन्स काढताना बसतो, तो यामुळेच. हातांना आधी खाण्याचे तेल चोळावे, मग बिनवासाच्या साबणाने दोनदा हात धुवावेत आणि पंचाने न पुसता, तंतू न सुटणाऱ्या कोरड्या कागदाने टिपावेत. त्याहून सोपे म्हणजे मिरचीचे काम घरातल्या चष्मेवाल्या माणसाकडे सोपवावे. एकदा तिखट शिरलेली लेन्स कितीही धुतली तरी निवत नाही, म्हणून ती टाकूनच द्यावी. कांद्याच्या बाबतीत मात्र उलट अनुभव येतो, कारण मऊ लेन्स बुबुळ झाकत असल्यामुळे कांदा चिरताना लेन्स घालणाऱ्याच्या डोळ्यांना पाणी कमी येते.

काजळाविषयीही सांगायला हवे. लेन्स आधी लावावी आणि काजळ नंतर. रात्री लेन्स आधी काढावी आणि काजळ नंतर पुसावे. काजळ पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर घालू नये, कारण वर सांगितलेल्या तेलाच्या ग्रंथींची तोंडे त्याच कडेवर उघडतात.

दुपारनंतर खुपत असेल तर

माझ्याकडे येणाऱ्या सर्वाधिक तक्रारी या प्रकारच्या असतात. सकाळी लेन्सची जाणीवही होत नाही, तीन-चार वाजता डोळे जड होतात, सहाच्या सुमारास वाळू गेल्यासारखे कचकचू लागते आणि घरी पोहोचल्यावर चप्पल काढण्याआधी लेन्स काढावीशी वाटते. दिवस चढेल तसा वाढणारा हा त्रास बहुतेक वेळा कोरडेपणाचा असतो.

यात सर्वांत मोठा वाटा पापण्यांचा असतो. सहज बसलेला माणूस मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या मिटतो. संगणकापुढे किंवा मोबाइलमध्ये डोके घातलेला माणूस त्याच्या निम्म्यानेही मिटत नाही, आणि जेव्हा मिटतो तेव्हा अर्धवट मिटतो. वरची पापणी खालच्या पापणीला टेकली नाही, तर तेल लेन्सवर पसरत नाही आणि लेन्सचा खालचा भाग उघडाच राहून सुकतो. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे असा एक नियम सांगितला जातो. तो चांगला आहे, पण कामाच्या गडबडीत तो कोणी पाळताना मला दिसत नाही. त्यापेक्षा एखाद्या रोजच्या कृतीला पापण्यांची सवय जोडावी: प्रत्येक ई-मेल पाठवल्यावर किंवा पुस्तकाचे पान उलटल्यावर डोळे हळूच मिटावेत, दोन अंक मोजेपर्यंत तसेच ठेवावेत आणि मग उघडावेत. कॉलेज रोडवरच्या एका क्लासमध्ये शिकणाऱ्या मुलीला मी एवढेच सांगितले होते. दुसऱ्या आठवड्यात तिने थेंबांची बाटली दप्तरातून काढून ठेवली.

दुसरा वाटा हवेचा. नाशिकची थंडी सुखाची असली तरी कोरडी असते, आणि निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येऊ लागल्या की लेन्सच्या तक्रारी घेऊन येणारेही वाढतात. त्यात दुचाकीवर काच वर केलेले हेल्मेट घालून द्वारका ते सातपूर असा प्रवास रोज दोनदा झाला, तर वाऱ्याने अश्रूंचा थर सुकतो आणि धूळ लेन्सखाली जाते. हेल्मेटची काच खाली ठेवावी, किंवा बाजूंनी झाकणारा साधा गॉगल वापरावा. कार्यालयात एसीचा किंवा पंख्याचा झोत थेट तोंडावर येत असेल तर खुर्ची हलवून घ्यावी. हा उपाय फुकटचा आहे, म्हणूनच कदाचित तो कोणाला सुचत नाही.

तिसरा वाटा तासांचा असतो. पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला जाऊन येणारी मंडळी सकाळी सहाला लेन्स लावतात आणि रात्री दहानंतर काढतात. हे सोळा तास होतात, आणि त्यांत दोन्ही प्रवासांतील डुलक्याही लेन्ससह होतात. झोपेत डोळा मिटलेला असल्यामुळे हवेतला प्राणवायू लेन्सपर्यंत फारसा पोहोचत नाही, अश्रूही खेळत नाहीत, आणि लेन्ससह झोपल्याने बुबुळाला जंतुसंसर्ग होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. अशा प्रवाशांना माझा सल्ला असा असतो की सकाळचा प्रवास चष्म्यावर करावा, कार्यालयात स्वच्छ हात धुऊन लेन्स लावावी, परतीच्या गाडीआधी ती तेथेच काढून टाकावी आणि चष्मा घालून गाडीत बसावे. यासाठी रोज टाकून द्यायच्या लेन्स सोयीच्या पडतात. गाडीच्या डब्यात मात्र लेन्स लावू अथवा काढू नये.

थेंबांविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण गोंधळ तेथेच होतो. बाटलीवर ते लेन्सवर घालण्यास योग्य असल्याचे लिहिलेले असावे आणि शक्यतो त्यांत परिरक्षक द्रव्य, म्हणजे थेंब टिकवणारे रसायन, नसावे. मऊ लेन्स ते शोषून घेते आणि दिवसभर बुबुळावर सोडत राहते. लाली घालवणारे थेंब रक्तवाहिन्या आकसवून डोळा पांढरा दाखवतात, कोरडेपणा तसाच राहतो. गुलाबपाणी, मध, तूप यांतील काहीही लेन्सच्या डोळ्यात घालू नये. थेंब दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा लागू लागले, तर मी थेंब बदलण्याचा विचार करत नाही, लेन्स बदलण्याचा करते.

पापण्यांतील तेल घट्ट झाले असेल तर रात्री लेन्स काढल्यावर शेक घ्यावा. स्वच्छ सुती रुमाल सोसवेल इतक्या गरम पाण्यात पिळून मिटलेल्या पापण्यांवर पाच ते दहा मिनिटे ठेवावा, निवला की पुन्हा गरम करावा, आणि नंतर बोटाने वरची पापणी वरून खाली व खालची पापणी खालून वर हलकेच दाबत न्यावी. वारंवार रांजणवाडी येणाऱ्यांना याचा विशेष उपयोग होतो. एक-दोन दिवसांत फरक दिसत नाही. दोन ते तीन आठवडे नेटाने करावे लागते.

हे सर्व करूनही दुपारचा त्रास कायम राहिला, तर घेत असलेल्या औषधांची यादी पाहावी. सर्दी-ॲलर्जीवरच्या सेटिरिझिनसारख्या गोळ्या आणि मुरुमांवरचे आयसोट्रेटिनॉइन यांनी डोळे कोरडे पडतात. गरोदरपणात आणि चाळिशीनंतरही अश्रूंचे प्रमाण व प्रत बदलू शकते. दहा वर्षे सुखाने वापरलेली लेन्स अचानक का खुपू लागली, याचे उत्तर अनेकदा येथे मिळते.

दुपारनंतर वाढणाऱ्या त्रासाचे आणखी एक कारण म्हणजे घट्ट बसलेली लेन्स. ती ओळखण्याची खूण सोपी आहे: रात्री लेन्स काढून आरशात पाहावे, घट्ट मोजा काढल्यावर पायावर वळ राहतो तसा बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागावर गोल वळ दिसला, तर त्या लेन्सचा आकार तुमच्या डोळ्याला जुळत नाही. हे थेंबांनी सुधारणार नाही.

काढल्यावर खाज येत असेल तर

लेन्स डोळ्यात असताना चालवून घेता येते, पण काढली की डोळे चोळावेसे वाटतात, सकाळी कोपऱ्यात दोऱ्यासारखे चिकट चिपड सापडते आणि लेन्स वरच्या पापणीसोबत वर सरकू लागते, तेव्हा वरच्या पापणीच्या आतल्या बाजूला पुरळासारखे उंचवटे आलेले असण्याची शक्यता असते. लेन्सवर साचलेल्या अश्रूंतील प्रथिनांचा हा परिणाम असतो. येथे काही आठवडे लेन्स पूर्ण बंद ठेवणे, नेत्रतज्ज्ञांनी दिलेले औषध घेणे आणि नंतर रोज बदलायच्या लेन्सवर येणे हा मार्ग बहुधा लागू पडतो.

महिन्याची लेन्स महिन्याचीच असते. ती उघडल्या तारखेपासून मोजायची असते. मधले दहा दिवस घातली नाही म्हणून पुढे दहा दिवस मिळत नाहीत. डबीच्या झाकणावर तारीख लिहून ठेवावी.

डबी, सोल्यूशन आणि पाणी

रात्री लेन्स तळहातावर घेऊन सोल्यूशनचे थेंब घालावेत, बोटाच्या पेराने दोन्ही बाजू दहा ते वीस सेकंद हलकेच चोळाव्यात, पुन्हा सोल्यूशनने धुवावी आणि ताज्या सोल्यूशनने भरलेल्या डबीत ठेवावी. बाटलीवर ‘चोळण्याची गरज नाही’ असे लिहिले असले तरी चोळावे. कालच्या सोल्यूशनमध्ये आज थोडे वरून ओतणे ही मला सर्वांत जास्त खटकणारी काटकसर आहे. वापरलेल्या सोल्यूशनची जंतू मारण्याची शक्ती संपलेली असते. सकाळी डबी ओतून टाकावी, सोल्यूशनने खळबळावी, पुसावी आणि झाकणे काढून कागदावर पालथी घालावी. दर तीन महिन्यांनी नवी डबी घ्यावी. हायड्रोजन पेरॉक्साइडचे सोल्यूशन वापरणाऱ्यांनी त्याच्याच खास डबीत लेन्स निदान सहा तास ठेवावी, आणि ते द्रव थेट डोळ्यात कधीही घालू नये.

आता पाण्याविषयी. नळाचे पाणी लेन्सला लावू नये, हे ऐकल्यावर ‘आमचे गंगापूर धरणाचे पाणी गोड आहे’ असे उत्तर मला अनेकदा मिळते. ते पाणी पिण्यास उत्तम आहे यात शंका नाही. पण शुद्ध केलेल्या पाण्यातही अकँथामीबा नावाचा सूक्ष्म जीव राहू शकतो; पोटात गेला तर तो सहसा काही करत नाही, लेन्सखाली अडकला तर बुबुळ पोखरतो, वेदना असह्य होतात आणि उपचार महिनोन्‌महिने चालतात. आरओचे, उकळलेले, बाटलीतले पाणीही या कामासाठी चालत नाही, आणि थुंकी तर मुळीच नाही. हात धुतल्यावर ते कोरडे करूनच लेन्सला हात लावायचा असतो, तो याच कारणासाठी. आंघोळ लेन्स लावण्यापूर्वी करावी, आणि पोहताना लेन्स काढून ठेवावी.

रामकुंडात किंवा त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तात स्नान करायचे असेल तर लेन्स घरी ठेवून जावे. २०१५ नंतर आता २०२७ चा सिंहस्थ जवळ येत आहे, आणि गर्दीत डुबकी मारताना डोळ्यांकडे कोणाचे लक्ष राहणार नाही, म्हणून पाहुण्यांनाही हे आधीच सांगून ठेवावे. रंगपंचमीला जुन्या नाशकातील रहाडीत, म्हणजे रंगाने भरलेल्या हौदात, धप्पा (उडी) मारणाऱ्यांनी तर लेन्स आदल्या रात्रीच डबीत ठेवावी. रंग फुलांचा असो वा पुडीतला, तो लेन्समध्ये मुरतो आणि डोळा धुऊन निघाला तरी लेन्समधून पाझरत राहतो.

अंबड-सातपूरच्या कारखान्यांत काम करणारे मला विचारतात की वेल्डिंगच्या झोताने लेन्स बुबुळाला चिकटते का. तसे होत नाही. मात्र धातूचा कीस आणि रसायनांची वाफ लेन्सखाली अडकते, म्हणून तेथे सुरक्षा चष्मा लेन्सवरून घालावाच लागतो. द्राक्षबागेत फवारणी किंवा गंधकाची धुरळणी करणाऱ्यांनी त्या दिवशी लेन्स घालू नये. डोळ्याला काडी किंवा पान लागले असेल, तर बरे वाटेपर्यंत लेन्स बंद ठेवून तपासून घ्यावे, कारण शेतातल्या जखमेतून बुरशी शिरते.

तपासणीला जाताना

जाण्यापूर्वी दोन आठवडे एका वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: लेन्स किती वाजता लावली, खुपणे किती वाजता सुरू झाले, आणि त्या वेळी काय काम चालले होते. लेन्सचा खोकाही न्यावा. त्यावर वक्रता आणि व्यास छापलेले असतात, मऊ लेन्ससाठी बहुधा ८.४ ते ८.८ आणि १४ ते १४.५ मिलिमीटरच्या आसपास. चष्म्याचा नंबर जसाच्या तसा देऊन लेन्स मागवली असेल तर तेही सांगावे. चष्मा डोळ्यापासून थोडा दूर असतो, त्यामुळे नंबर ४ च्या पुढे गेला की लेन्सचा नंबर वेगळा निघतो. उणे ६ चा चष्मा असलेल्याला लेन्स साधारण उणे ५.५० ची लागते. हा फरक न केल्याने दुखणाऱ्या डोक्याला लोक लेन्सचे खुपणे म्हणतात.

तपासताना डोळ्यात नारिंगी रंगाची पट्टी लावून निळ्या प्रकाशात पाहतात. अश्रूंचा थर दहा सेकंदांच्या आत फाटला तर कोरडेपणा आहे असे समजतात, आणि बुबुळावर ओरखडा असेल तर तो हिरवट चमकतो. हा रंग मऊ लेन्समध्ये कायमचा बसतो, म्हणून त्यानंतर लगेच लेन्स लावता येत नाही. लग्नासाठी बिननंबरी रंगीत लेन्स हवी असली तरीही ही तपासणी करून घ्यावी, आणि मेकअपच्या पेटीतली, दुसऱ्या नवरीने घातलेली लेन्स ठामपणे नाकारावी.

तपासणीच्या दिवशी, आणि खरे म्हणजे रोजच, चालू नंबरचा चष्मा पिशवीत असावा. पुष्कळ जणांचा चष्मा चार वर्षांपूर्वीच्या नंबरचा, एक दांडी सैल झालेला असतो, आणि त्यातून नीट दिसत नाही म्हणून ते खुपणारी लेन्स आणखी चार तास डोळ्यात ठेवतात. लेन्सचा पुढचा खोका घेण्याआधी तो चष्मा बदलून घ्यावा.